घरटी एक चप्पल

सूर्यभानने दाभण जिभेला लावून ओलं केलं, चपलेच्या पट्ट्यातून सुतळी आरपार ओढली आणि माळ उचलून वजन पाहिलं. मग तेच दाभण पुढच्या चपलेत घालून काढलं आणि पुन्हा जिभेला लावलं. पाराखाली उभ्या असलेल्या चांगुणाने पदर नाकाला लावला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

माळ पुंजारामच्या गळ्यात पडायची होती. पुंजाराम ग्रामपंचायतीचा मेंबर, आणि गुरांची छावणी चालू होती तोवर छावणीचा चालक. त्याची अर्धी हजामत करायची, तोंडाला काजळी फासायची आणि गाढवावरून धिंड काढायची, असं बोरटेक गावाने ठरवलं होतं. याआधी गावाने एकमताने काही ठरवल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. शाळेची खोली कुठे बांधायची यावरून गावात इतकी वर्षं भांडण चालू होतं की शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि मारुतीचेही बेपासून तीसपर्यंतचे पाढे पाठ झाले असावेत. हे मात्र एका बैठकीत ठरलं, तेसुद्धा चहा न घेता.

घरटी एक चप्पल, हा नियम सूर्यभानचा. उद्या नेवाशाहून फौजदार आला आणि कुणी केलं म्हणून विचारू लागला, तर गावाने केलं असं सांगता आलं पाहिजे. मागाहून कुणी अंग काढून घ्यायला नको. नियम सगळ्यांना पटला. अडचण एवढीच होती की अशा माळेला फाटक्या चपला लागतात आणि गावात फाटकी चप्पल शिल्लक नव्हती. बहात्तरचा पाऊस झाला नव्हता, त्र्याहत्तरचा चैत्र चालू होता, सगळं गाव दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत होतं. ज्या चपला फाटल्या त्या शिवून, तारेने आवळून परत पायात गेल्या होत्या. तेव्हा लोकांनी पायातलीच काढून दिली. अर्थात एकच. धिंड संपली की परत मिळणारच होती.

विष्णुपंत गुरुजींनी पारापासून थोडं लांब उभं राहून सांगितलं, की कायद्याच्या दृष्टीने हे योग्य नाही आणि आपला याला विरोध आहे. त्यांची चप्पल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आधीच येऊन पडली होती. समोर येऊन द्यायचा संकोच आणखीही काहींना वाटला होता. त्यांनी पहाटेच पाराखाली ठेवून दिल्या होत्या. त्यांत एक बायकी चप्पल होती, लाल गोंड्याची. गोंडा झिजून त्याचा नुसता दोरा उरला होता. सूर्यभानने ती उलटीपालटी करून पाहिली.

"कुनाची का असंना," तो म्हणाला, "एक घर वाढलं."

आणि ओवली. मग त्याने स्वतःची कोल्हापुरी काढली. नवी होती, चालताना करकरायची. ती त्याने मधोमध घातली, म्हणजे बरोबर पुंजारामच्या छातीवर येईल.

चांगुणाने काही दिलं नव्हतं. तिच्याकडे चप्पलच नव्हती. सूर्यभानने मोठ्या मनाने तिला सूट दिली होती. हे समदं तुझ्यासाठीच तर चाललंय, असंही वर म्हणाला होता.

तिच्यासाठी म्हणजे तिच्या पत्र्यांसाठी.

तिचा नवरा सहादेव श्रीरामपूरच्या बाजारात हमाली करून परत आला, तेव्हा त्याने येताना आठ पत्रे आणले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर त्याने डांबराचा ठिपका दिला होता, वाऱ्याने उडून कुणाच्या शेतात गेले तर ओळखू यावेत म्हणून. पुढे सहादेव तापाने गेला. पत्रे राहिले. गेल्या हिवाळ्यात छावणी उघडली तेव्हा पुंजाराम दारात आला आणि गुरांच्या सावलीसाठी ते मागून घेऊन गेला. मुकी जनावरं आहेत, म्हणाला. आठवडाभराची तर गोष्ट. जनावरांच्या नावाने मागितलं की नाही म्हणता येत नाही, हे त्याला छावणी चालवून कळलं होतं. चाराही तो त्यांच्याच नावाने मागवायचा. चारा यायचा, पण जनावरांपर्यंत पोचेपर्यंत त्याला दुसऱ्या वाटा फुटायच्या. शेवटी काही जनावरं मेली, काही कसायाकडे गेली, छावणी बंद झाली आणि पत्रे पुंजारामच्या नव्या गोठ्यावर चढले.

चांगुणाच्या घराच्या चार भिंती उरल्या. वर गवत घालावं तर गावातल्या छपरांचं गवतसुद्धा उपसून गुरांना घालून झालं होतं. तिने भिंतींवर जुनं लुगडं ताणलं, ते उन्हाने विटून जागोजाग फाटलं. एकटीचं चाललं असतं. पण तिची लेक भीमा पहिल्या बाळंतपणाला आली होती. दिवस भरले होते. दुपारी ती पोट धरून भिंतीच्या सावलीत बसायची, आणि सावली सरकली की तिच्याबरोबर सरकायची. ऐन माथ्यावर ऊन आलं की सरकायला जागा नसे.

पुंजारामकडे चांगुणा अनेकदा गेली. देतो की, पळून चाललोय का, असं तो म्हणायचा, आणि खरंच कुठे पळून गेला नाही. मग ती सूर्यभानकडे गेली. मागच्या निवडणुकीत तो पुंजारामसमोर पडला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. तिने आठ पत्रे मागितले होते. न्याय मिळेल, असं सूर्यभान म्हणाला. तिला वाटलं, दोन्ही एकच.

धिंडीची सुरुवात गोठ्यापासून झाली. पोरं वर चढली, पत्रे उचकटून खाली टाकले. चांगुणाला बरं वाटलं. ती पुढे होऊन एकावर एक रचायला वाकली, तोच त्यातला एक कुणीतरी ढोल गळ्यात अडकवल्यासारखा आडवा धरला आणि दुसऱ्याने त्यावर खडीचा हातोडा हाणला. वाजंत्री बोलवायची तर त्यांना जेवण द्यावं लागलं असतं. हे फुकट होतं, आणि आवाज दुप्पट. पाहता पाहता सगळे पत्रे वाजू लागले.

"आवं, चेपत्याल ती," चांगुणा म्हणाली. "माझी हायेत ती."

पत्र्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुंजारामला बाहेर काढलं. न्हाव्याने अर्धं डोकं भादरलं आणि गावाच्या हुकमाप्रमाणे वस्तरा मिटून उभा राहिला. फेकायला शेण पाहिजे होतं, पण शेणाला गुरं लागतात. चिखल करावा तर चिखलाला पाणी लागतं. शेवटी कंदिलाची काजळी आणि इंजिनाचं जळकं तेल यांच्यावर भागवलं. गोरक्षनाथने गाढव आणलं होतं. दुष्काळात वजन वाढलेला गावातला एकमेव माणूस त्याच्या पाठीवर बसला, तसं ते दोन पावलं चाललं आणि मुकाट्याने खाली बसलं. त्याला मारलं, शेपूट पिरगाळलं, तरी उठेना. तेव्हा गाढव मानाने पुढे आणि पुंजाराम पायी मागे, अशी धिंड निघाली.

चांगुणाला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. या माणसाने तिला उन्हात ठेवलं होतं. पण तिला पुंजारामपेक्षा त्याच्या भोवतालची माणसंच जास्त दिसत होती. लग्नात पंगत बसायच्या आधी असतात तसे त्यांचे चेहरे झाले होते. राहीबाई हसून हसून डोळे पुशीत होती. महिनाभरात तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. गहिनीनाथ, जो एरवी मुंगी वाचवून पाऊल टाकायचा, पुंजारामच्या भादरलेल्या बाजूला टपल्या मारत होता आणि प्रत्येक टपलीनंतर आपला हात हुंगत होता. माळ पुंजारामच्या नाकाखाली झुलत होती. घामाने, तेलाने आणि गावभरच्या पायांच्या वासाने हवा इतकी दाट झाली होती की तोंड उघडलं तर ती गिळावी लागली असती.

देवळापाशी सूर्यभानने हात वर केला. पत्रे थांबले. चांगुणाला धरून पुढे आणण्यात आलं.

"थुक त्याच्या तोंडावर," सूर्यभान म्हणाला. "पैला मान तुझा."

तिने तोंड हलवून पाहिलं. तोंडात काही नव्हतं. पहाटे घागरीच्या तळाचं जे होतं ते तिने भीमाला दिलं होतं.

"थुकाय व्हत न्हाई," ती म्हणाली. "त्वांड सुकलंय."

मग कुणीतरी पाणी आणा म्हणालं, आणि एका घरातून तांब्याभर पाणी आलं. गार होतं, गाळलेलं. त्याच दारात चार दिवसांमागे ती भीमासाठी वाटीभर पाणी मागायला उभी होती, तेव्हा रांजण कोरडा होता. तिने तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि थेंब न सांडता सगळा पिऊन टाकला. तांब्या परत दिला, पदराने तोंड पुसलं आणि मागे जाऊन उभी राहिली.

गावाची फार निराशा झाली. पुंजाराम मान वर करून तिच्याकडे पाहत होता. त्याच्याही ओठांना पापुद्रे सुटले होते.

तेवढ्यात नेवाशाच्या रस्त्यावर धुरळा उठला. फौजदाराची जीप, असं कुणीतरी म्हणालं. गावाने केलं असं सांगायला एकही माणूस थांबला नाही. बोळाबोळांतून सगळे पांगले. मग धुरळ्यातून पाण्याचा टँकर बाहेर आला, तसे ते त्याच वेगाने घागरी घेऊन परत धावले. देवळासमोर गाढव आणि पुंजाराम तेवढे राहिले. थोडा वेळ दोघांनी एकमेकांची सोबत केली. मग पुंजाराम माळेसकट घरी गेला आणि आतून कडी लावली.

पत्रे ज्यांच्या हातात होते त्यांच्याबरोबर गेले. रस्त्यात टाकले असते तर कुणीतरी चोरून नेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा सूर्यभानच्या घरी गेली. त्याच्या पडवीला, पूर्वी नव्हता असा एक पत्रा लागला होता. मधे हातोड्याचे खळगे होते, एका कोपऱ्यावर डांबराचा ठिपका. सूर्यभान त्याच्या सावलीत बसून दात घासत होता.

"आन्ना, ह्यो माझा पत्रा."

सूर्यभानने चूळ भरली. चांगुणाने ते पाणी मातीत जिरताना पाहिलं. मग त्याने तिला समजावून सांगितलं. हा आता साधा पत्रा राहिला नव्हता. ती गावाच्या एकीची खूण झाली होती. गाव एकदा कधीतरी एक झालं होतं हे पोराबाळांना दाखवायला काहीतरी पाहिजेच की.

"माझी लेक उन्हात हाय."

"चांगुणाबाई, तुला न्याय मिळाला का न्हाई? समद्यांदेखत मिळाला. आता पुन्ना पत्र्याचं काढू नगंस. लोक काय म्हनत्याल? म्हनत्याल, बाईनं आठ पत्र्यांपायी मानसाची अब्रू घेतली."

ती वळली. सूर्यभानने तिला मागून हाक मारली, आणि आवाज बराच खाली आणला.

"पुंजारामच्या अंगानं जानार असलीस तर… माझी कोल्हापुरी तेवढी बघ. नवी हुती."

चांगुणाने त्याच्या पायांकडे पाहिलं. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय त्याने त्याच चपलेवर ठेवला होता.

त्या दिवशी रस्त्याच्या कामावर सगळं गाव लंगडत होतं. एक पाय चपलेत आणि दुसरा फुटक्या दगडावर, अशी माणसं पाट्या उचलून उड्या मारत चालली होती. कुणी एका पायाला गोणपाट बांधलं होतं, कुणी दुपारपर्यंत चप्पल या पायातून त्या पायात बदलत होतं. कुणी कुणाच्या पायांकडे पाहत नव्हतं. दोन्ही पायांनी सारखी चालणारी एकटी चांगुणा होती. तिचे दोन्ही अनवाणी होते. दुपारच्या सुट्टीत तिने कामावर खायला वाटतात ती सुकडी पदरात बांधली आणि ती पुंजारामच्या घराकडे निघाली.

कडी मुक्ताबाईने काढली. मुक्ताबाई पुंजारामची बायको. गावात तिला फारसं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, कारण तिच्या घरी बोलायचं काम पुंजारामकडे होतं. आता तो आत खांबाला टेकून बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. समोर खुंटीवर माळ लटकत होती. खोलीत उन्हाने तापलेल्या कातड्याचा आणि शिळ्या पायांचा वास भरला होता. माळेवर माशा बसल्या होत्या. पुंजाराम त्या हाकलत नव्हता. तो माळ पाठ करत होता.

चांगुणाला पाहून त्याला ऐकणारं माणूस मिळालं. त्याने काठीने एकेक चप्पल दाखवायला सुरुवात केली. ही गहिनीनाथची, ही गोरक्षनाथची, ही एका अंगाला झिजलेली गुरुजींची. एकेकाला नेवाशाच्या कोर्टात उभा करणार होता तो. घरटी एक चप्पल, म्हणजे घरटी एक आरोपी, आणि पुरावा ज्याने त्याने आपण होऊन आणून दिलेला. फौजदारापुढे तो स्वतःच माळ घालून जाणार होता. फक्त डोकं सारखं व्हायचं होतं. न्हावी उरलेली बाजू करायला तयार नव्हता, गावाचा तसा हुकूम नव्हता म्हणून. आता दोन्हीकडचे केस बरोबरीला यायची वाट पाहणं आलं.

काठी लाल गोंड्याच्या चपलेवर थांबली.

"ही बायकी कुनाची, ते काय ध्यानात येत न्हाई," तो म्हणाला. "पर हुडकून काढीन. तिला तर आदी."

मुक्ताबाई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी उचलली आणि विस्तव नसलेल्या चुलीत फुंकर घातली.

"तात्या, ती माळ मला द्या," चांगुणा म्हणाली.

"तुला? कशापायी?"

"माझं पत्रं तुमी नेलं. तुमच्याकडनं गावानं नेलं. आता तुमच्याकडं माळच हाय."

पुंजारामने या बोलण्यात कुठे फट सापडते का ते पाहिलं. सापडली नाही, म्हणून तो चिडला. ती माझी साक्ष आहे, म्हणाला. तुझ्यापायी हे सगळं झालं, म्हणाला. तुझे पत्रे काय कधीही येतील, गेलेली अब्रू कोण आणून देणार, असं विचारून तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. टॉवेल सरकून अर्धं डोकं उघडं पडलं होतं, त्यावर काजळीचे ओघळ तसेच होते. धुवायला पाणी नव्हतं. त्याचीही किळस आली तिला, आणि त्याच वेळी गहिनीनाथचा तो हुंगलेला हात आठवून कालच्या सगळ्यांचीच पुन्हा आली.

"अब्रूचं मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "मी पत्र्याचं बोलाय आले."

मुक्ताबाई उठली. तिने पुंजारामच्या हातातली काठी काढून घेतली, काठीच्या टोकाने माळ खुंटीवरून उतरवली आणि काठीसकट चांगुणापुढे धरली.

"घिऊन जा."

"अगं, साक्ष हाय ती माझी."

"साक्ष घरात कुजाय लागली," मुक्ताबाई म्हणाली. "पत्रं तिचं हुतं. मी तवाबी म्हनलं हुतं तुमाला."

बायको तेव्हा काय म्हणाली होती ते पुंजाराम आठवायचा प्रयत्न करत असावा.

चांगुणा मागच्या दाराने निघाली. परसात दगडांच्या आधाराने उभा केलेला एक पत्रा होता, त्याच्याआड बादली आणि न्हाणीचा दगड. पत्र्याच्या कोपऱ्यावर डांबराचा ठिपका. काल लोकांनी गोठा मोकळा केला, तेव्हा हा आडोसा कुणाला दिसला नव्हता. चांगुणाने पाहिला. बाईच्या न्हाणीचा आडोसा होता तो. तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि ती चालू लागली.

माळ तिने अंगापासून लांब, काठीवर धरून आणली. माशा बरोबर आल्या. दारासमोरच्या मेढीला तिने ती टांगली आणि भीमाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवलं.

बातमी कामावर पोचली आणि संध्याकाळची सुट्टी व्हायच्या आत माणसं येऊ लागली. पहिले विष्णुपंत गुरुजी आले. त्यांची एक वस्तू चुकून इकडे आली असावी, असं त्यांनी सांगितलं.

"पत्रं आल्याबिगर सुतळी सुटायची न्हाई, गुरुजी."

"पण माझ्याकडे पत्रा नाही, चांगुणाबाई. मी तर विरोध केला होता."

"मग ज्याच्याकडं हाय त्याला सांगा."

गुरुजींनी आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं. टाचेला फोड आला होता. काल धिंडीच्या वेळी ज्यांचा आवाज पाराच्या पलीकडे गेला नव्हता, ते गुरुजी तिथून थेट गहिनीनाथच्या दारात गेले आणि दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं म्हणजे काय, यावर असे बोलले की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. ज्यांच्याकडे पत्रा नव्हता अशा सगळ्यांना एकाएकी चांगुणावर झालेला अन्याय दिसू लागला. पत्रा असलेले थोडे होते, चप्पल अडकलेले पुष्कळ. दिवस भरलेली पोर उन्हात आहे, तुम्हाला काही वाटतं की नाही, असं राहीबाईने एका पायावर उभं राहून, पत्रा नेलेल्या मालनबाईला बजावलं.

पत्रे आले. एक वाकलेला, एक फाटलेला, एकाला मधोमध आरपार भोक. मालनबाईच्या पत्र्यावर कोंबड्यांची घाण वाळली होती. पाणी नाही, नाहीतर धुऊन दिला असता, असं ती म्हणाली. सूर्यभानचा सगळ्यात शेवटी आला. तो स्वतः आला नाही, भावाबरोबर निरोप पाठवला, की गावाच्या एकीची ही खूण गाव एका निराधार विधवेला देणगी म्हणून देत आहे. आणि कोल्हापुरी तेवढी भावाजवळ द्यावी.

चांगुणाने पत्रे पाहिले. सात होते. आठवा कुठे आहे हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. तिने मेढीवरची माळ काढली, गाठ सोडली आणि चपला जमिनीवर सोडून दिल्या. गाव त्यांच्यावर वाकलं. थोडी ओढाताण झाली, दोन टायरच्या चपलांवरून हमरीतुमरी झाली. ज्याला आपली मिळाली तो ती पायात सरकवून, कुणाकडे न पाहता, घाईने चालता झाला. पुंजारामचं नाव कुणी काढलं नाही. दिवस कलायच्या आत अंगण रिकामं झालं.

मायलेकींनी मिळून पत्रे चढवले, म्हणजे चांगुणा भिंतीवर चढली आणि भीमाने बसल्या जागेवरून वजनाला ठेवायचे दगड दाखवले. एक कोपरा उघडाच राहिला. तिथून ऊन आत येत होतं, आणि बाकीच्या पत्र्यांना पडलेल्या भोकांतूनही. भीमा आत जाऊन आडवी झाली. तिच्या पोटावर उन्हाचे ठिपके पडले. पहिल्यांदाच पाय लांब करून झोपली होती ती.

चांगुणा अंगण झाडायला बाहेर आली, तेव्हा सुतळीच्या टोकाला एक चप्पल अजून अडकलेली होती. लाल गोंड्याची. तिने ती उचलून दगडावर ठेवली.

दिवेलागणीच्या सुमाराला मुक्ताबाई आली. डोक्यावर पत्रा आडवा घेतला होता, त्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. खाली दिसत होते ते तिचे पाय, अनवाणी. तिने पत्रा उतरवून भिंतीला टेकवला. दगडाचा आधार होता तिथे त्याच्यावर शेवाळाची रेघ होती, वाळून काळी पडलेली. हा मात्र कुणी वाजवला नव्हता. सरळ होता.

"तुमच्या न्हानीला काय लावलं?" चांगुणाने विचारलं.

"लुगडं लावीन." मुक्ताबाई पत्र्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली. "तुजी लेक कशी हाय?"

"निजलीया."

मुक्ताबाईने मान हलवली. मग ती दगडापाशी गेली. तिने पदराखाली काखेत धरलेली दुसरी चप्पल काढली, तिलाही लाल गोंड्याचा नुसता दोरा उरला होता. ती खाली ठेवली. दगडावरची उचलून तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही पायांत घातल्या, पदर नीट केला आणि आली त्या वाटेने घराकडे निघाली.

चांगुणा तिच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. मग तिने खाली पडलेली सुतळी उचलली. ती कुठे तुटली नव्हती, पीळही सुटला नव्हता. तिने ती राखेने घासली, झटकली, आणि आठवा पत्रा वर चढवून त्या सुतळीनेच आवळून बांधला.